शालूवहिनींचं शेवटचं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पाळकांना नाही, सख्ख्या भावाला नाही. मार्थाला, माझ्या बायकोला, सव्वीस वर्षांच्या संसारात माझ्या मोज्याला कुठे भोक पडलंय तेसुद्धा माहीत असतं, पण हे माहीत नाही. ती हे वाचेल तेव्हा तिलाही तुमच्याबरोबरच कळेल. समोर बसवून सांगायला हवं होतं. नाही जमलं. म्हणजे बघा — सुरुवातच अशी.

मी भूकरमापक आहे. जमिनी मोजतो. अमरावती जिल्ह्यात या कामाला एकोणतीस वर्षं झाली. दोन भाऊ एका धुऱ्यासाठी, म्हणजे शेताच्या बांधासाठी, कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे असतात आणि मी सांगतो, हद्दीचा दगड इथे होता. ते ऐकतात. शिव्या देत का होईना, ऐकतात. माझ्या मोजणीवर आजपर्यंत तीन अपिलं झाली आणि तिन्ही फेटाळली गेली. ही बढाई नाही. हा माणूस खोटं बोलत नाही अशी माझी ख्याती आहे, एवढं तुम्हाला आधी माहीत असावं. कारण त्या ख्यातीवरच माझं खोटं चालून गेलं.

आणि आमच्या मंडळीत मी वडील आहे. वडील म्हणजे वयानं नव्हे — चर्चच्या कारभारात पाळकांना हातभार लावणारे जे चार-पाच जण असतात त्यांतला एक. आजाऱ्यांच्या भेटीगाठी माझ्याकडे. कोण दवाखान्यात आहे, कोणाकडे कधी जायचं, कोणी प्रार्थना करायची, हे मी ठरवतो. मला ते चांगलं जमतं. नेमकं बोलतो, नेमकी प्रार्थना करतो, सात-आठ मिनिटांत उठतो. रोग्याला त्रास होत नाही.

आता मनोहरबद्दल सांगतो. त्याच्याबद्दल सांगायचं म्हटलं की मी आजूबाजूलाच फिरत राहतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

मनोहर आणि मी पाचवीपासून अमरावतीच्या एका मिशन वसतिगृहात एका खोलीत राहिलो. तो माझ्यापेक्षा उंच, काळासावळा, आवाजानं मोठा. ख्रिस्तजयंतीच्या गाण्यात त्याला मागच्या रांगेत उभं करत, तरी पहिल्या रांगेचं कुणाचं ऐकू येत नसे. पुढे तो अकोल्याला एका आयटीआयमध्ये वायरमनच्या ट्रेडला शिकवायला लागला आणि मी जमिनी मोजायला लागलो. माझी नोकरी हा त्याला आयुष्यभर पुरलेला विषय होता. "अबे मोजणीदार," तो म्हणायचा, "सोर्गाच्या दारातबी तू टेप काढशीन. दारावरच्या पेत्राले म्हणशीन, दार दीड इंच वाकडं हाये, पह्यले हे नीट करा, मंग मी आत येतो." मार्था हसून हसून ओट्याला टेकायची.

आमची पहिली मुलगी मेलेलीच जन्मली. एप्रिल महिना होता. मंडळीतले लोक आले, त्यांनी वचनं वाचली, देवाची इच्छा म्हणाले, ती आता प्रभूच्या मांडीवर आहे म्हणाले. ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण मनोहर पहिल्या बसनं अकोल्याहून आला आणि काहीच बोलला नाही. खोकं केवढं असतं, तुम्हाला माहीत आहे? मी मोजलं नाही. आयुष्यात ती एकच गोष्ट मी मोजली नाही. ते खोकं मनोहरनं ऑटोत स्वतःच्या मांडीवर घेतलं, दफनभूमीपर्यंत. तिथे पोचल्यावर मला म्हणाला, "सुध्या, चप्पल घाल. जमीन तापली हाये." मी अनवाणी आलो होतो ते मला ठाऊकच नव्हतं. मग तो तीन दिवस आमच्याकडे राहिला. पाणी भरलं, अंगण झाडलं, मार्थाच्या आईला बाजारात नेऊन आणलं. संध्याकाळी माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायचा. मी बोललो तर ऐकायचा, नाही बोललो तर तोही नाही. निघताना माझ्या पाठीवर हात ठेवला. एवढंच.

हे आधी सांगितलं, कारण मित्रानं कसं वागायचं असतं हे मला माहीत नव्हतं असं तुम्ही समजू नये. मला कुणीतरी ते करून दाखवलेलं होतं.

त्याची बायको शालिनी. आम्ही शालूवहिनी म्हणायचो. माहेर पातूरचं. बालवाडीत शिकवायच्या. बारीक अंगाच्या, मोठ्या कपाळाच्या, आणि मनोहर जेवढं बोलायचा त्याच्या चौथाई बोलायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोघंच एकमेकांना होते. दहा वर्षांपूर्वी वहिनींच्या मेंदूत गाठ निघाली. नागपूरला दाखवलं, एकदा उघडलंही, पण गाठ पुन्हा वाढली. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता जवळच कुठेतरी ठेवा. मनोहरनं त्यांना अकोल्याच्या एका दवाखान्यात आणलं. शुक्रवारी दाखल केलं. दुसरा मजला, बायकांचा वॉर्ड, खिडकीजवळची नऊ नंबरची खाट.

रविवारी दुपारी त्याचा फोन आला. आवाज एवढा लहान की मी आधी ओळखलाच नाही.

"सुध्या, तू ये."

"येतो ना. मंडळीतर्फे आम्ही —"

"मंडळी नको बा. प्रार्थनाबी नको करू. इथं रोज कोणी ना कोणी येऊन प्रार्थना करून जाते. मंग जाते. मले बसाले माणूस पाह्यजे."

"येतो," मी म्हणालो.

आणि मी काय केलं? मी प्रार्थना-साखळी लावली.

साखळी म्हणजे काय ते सांगतो. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर अर्ध्या तासाला एक कुटुंब आपल्या घरी प्रार्थनेला बसतं. एक उठलं की दुसरं बसलेलं असतं. मध्ये खंड पडू द्यायचा नाही. चोवीस अर्धे तास, चोवीस कुटुंबं. मी तक्ता काढला, नावं भरली, ऑफिसात जाणाऱ्यांना सकाळचे अर्धे तास दिले, म्हाताऱ्यांना दुपारचे. तक्ता मोबाइलवर सगळ्यांना पाठवला. सोमवारी साखळी सुरू झाली आणि एकही कडी सुटली नाही. लोक म्हणाले, मित्र असावा तर सुधाकरभाऊंसारखा.

मी रोज मनोहरला फोन करून सांगायचो, "आज चोवीसच्या चोवीस झाली." तो म्हणायचा, "बरं." आणि मग, "तू कवा येतं रे?"

आता मला सांगा, मी का जात नव्हतो? अमरावतीहून अकोला शंभर किलोमीटरसुद्धा नाही. बडनेरा, मूर्तिजापूर, की आलंच. रजा शिल्लक होती. मार्था तर रोज मागे लागली होती. मी म्हणायचो, वलगावची मोजणी लागली आहे. ती खरंच लागली होती, बुधवारी झालीही. पण कारण ते नव्हतं. कारण असं होतं की त्यानं माझ्याकडे जे मागितलं होतं ते माझ्याजवळ नव्हतं. मी रोग्याच्या खाटेशी जातो तेव्हा वचन पुढे असतं, मी मागे असतो. प्रार्थना बोलते, मी डोळे मिटतो. मनोहरनं सांगितलं, हे सगळं बाहेर ठेव आणि तू एकटा ये. मग आत जाणारा कोण उरत होता? देव माझ्या तोंडातच राहतो असं मी धरून चाललो होतो की काय — तोंड बंद ठेवलं की तो नाही, फक्त मी. हे मी आज छप्पन्नाव्या वर्षी लिहितो आहे.

प्रभूनं क्रुसावर जायच्या आदल्या रात्री, स्वतःच्या सगळ्यात वाईट वेळी, तीन मित्रांना एवढंच म्हटलं होतं, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले. यावर मी स्वतः आमच्या चर्चमध्ये दोनदा बोललो आहे. ते बिचारे दमले होते. मी दमलो नव्हतो.

शेवटी गुरुवारी गेलो. मार्थानं डब्यात शिरा दिला. बस वेळेवर निघाली, वेळेवर पोचली. स्टँडवरून ऑटो केला. दवाखान्याच्या फाटकासमोर उतरलो तेव्हा सव्वाचार झाले होते.

रस्त्याच्या पलीकडे चहाची गाडी होती आणि गाडीपाशी मनोहर उभा होता. माझ्याकडे पाठ करून. शर्टाची कॉलर अर्धी आत गेलेली, पाठीवर खाटेच्या लोखंडाचे आडवे डाग. हातात ग्लास. तो चहा पीत नव्हता, नुसता ग्लास धरून वर दुसऱ्या मजल्याकडे बघत होता. मी अंतर डोळ्यांनी सांगू शकतो, माझा धंदाच आहे तो. आमच्यात पस्तीस फूट होते.

पस्तीस फूट. हाक मारायची होती, नुसतं "मन्या" म्हणायचं होतं.

मी बाजूच्या औषधाच्या दुकानाच्या सावलीत सरकलो. तिथे उभा राहिलो, सात मिनिटं. मग शिऱ्याचा डबा हातात तसाच घेऊन दुसऱ्या ऑटोत बसलो आणि स्टँडवर परत आलो.

मी वर गेलो नाही. वॉर्ड बघितला नाही. वहिनींना बघितलं नाही. शिरा मूर्तिजापूरच्या स्टँडवर एका म्हाताऱ्या बाईला दिला.

तुम्हाला वाटेल, कबुली संपली. भित्रा निघाला, झालं. मलाही त्या बसमध्ये असंच वाटत होतं. मी ठरवलं होतं की मनोहरला सांगायचं, रजा मंजूर झाली नाही. पुढच्या आठवड्यात जायचं आणि या वेळी खरंच बसायचं. पण घरी आलो तर मार्था दारातच होती. "कशा आहेत वहिनी?" मी म्हणालो, "तशाच."

तशाच. एक शब्द. त्यात खोटं तरी काय होतं? त्या तशाच होत्या.

मार्थानं पाळकांना सांगितलं असणार, कारण रविवारी उपासनेत पाळक म्हणाले, "सुधाकरभाऊ गुरुवारी अकोल्याला जाऊन आले आहेत. साखळीचं काय फळ दिसलं, त्यांनी साक्ष द्यावी." साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं. ती खोटी देणं म्हणजे काय, हे आमच्यात लहान पोराला विचारलं तरी सांगेल.

मी उठलो. समोर साठेक कुटुंबं. त्यांतली चोवीस सहा दिवस साखळीला बसलेली, काही उपाशीपोटी. ती सगळी माझ्याकडे बघत होती. त्यांना मी काय सांगणार होतो — की मी औषधाच्या दुकानामागे लपलो?

मोजणीत आधी एक पक्का बिंदू धरायचा असतो. त्याच्याबद्दल वाद असता कामा नये. मग त्याच्यावरून बाकी सगळं जागेवर बसवत जायचं. मी तेच केलं. ठरवून केलं असं नाही, पण हाताला सवय असते. माझा पक्का बिंदू होता चहाची गाडी. मी म्हणालो, मी पोचलो तेव्हा मनोहर खाली चहाला गेला होता, त्यामुळे त्याची गाठ पडली नाही. मी वर गेलो. नऊ नंबरच्या खाटेजवळ बसलो. प्रार्थना केली. आणि वहिनींनी डोळे उघडले.

इथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पहिल्या बाकावर रूथमावशी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता आणि डोळ्यांनी विचारत होत्या — मग? पुढे?

मी म्हणालो, "वहिनी बोलल्या. म्हणाल्या, त्यायले सांगजा, मले आता भेव नाही वाटत."

मी तो आवाजही जवळजवळ तसाच काढला. हळू, तुटक, पातूरकडचा. लोक रडले. कुणी मोठ्यानं हालेलूया म्हणालं. उपासना संपल्यावर रूथमावशींनी माझे दोन्ही हात धरून ते डोळ्यांना लावले. "लेका, देवानं तुया तोंडून आमाले धीर देल्ला."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, शालूवहिनी गेल्या. दाखल केल्यापासून अकराव्या दिवशी.

मंगळवारी अकोल्याला दफन होतं. आम्ही दोन गाड्या करून गेलो. आता मी पोचलोच. मनोहरच्या घरासमोर मांडव होता, पेटी आत होती. मला त्याच्यापर्यंत पोचायला उशीर झाला, कारण शूजची नाडी सुटली म्हणून मी खाली वाकलो होतो — सुटलेली नव्हती. तेवढ्यात रूथमावशी त्याच्याजवळ पोचल्या होत्या. त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता आणि काहीतरी सांगत होत्या. त्यानं मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं.

दंडाला धरून त्यानं मला गाडीच्या मागे नेलं.

"ती बोलली?"

मी मान हलवली. नक्की कशी हलवली, ते आता सांगता येत नाही.

"डॉक्टर म्हणे मागल्या मंगळवारपासून सुदच नाही. अन् ती बोलली? तू आला होता? मंग मले भेटला कावून नाही?"

"बस होती रे," मी म्हणालो.

त्यानं ते मानलं. बस होती. माझ्यासारख्या माणसाला बसची वेळ म्हणजे वेळ, हे त्याला माहीत होतं.

"मी चहाले गेलो होतो. बेस्तरवारी. बाजूच्या खाटेवरची बाई म्हणे, जा दादा, पिऊन या, मी पाहतो. सात दिवसांत तेवढाच एक बखत खाली उतरलो मी." त्यानं माझा दंड सोडला नव्हता. "काय बोलली?"

मी सांगितलं. तेच वाक्य.

"त्यायले, असं म्हणली? म्हंजे मलेच."

"हो."

तो गाडीच्या चाकाला टेकून खाली बसला. एवढा मोठा माणूस. मला वाटलं त्याला धीर आला. तुमच्याशी खोटं बोलणार नाही — तेवढा एक क्षण मला बरंसुद्धा वाटलं. मग तो म्हणाला, "अकरा दिवस बसलो, सुध्या. अन् ती बोलली तवा मीच नव्हतो."

तेव्हाच सांगायचं होतं. अजून माती पडली नव्हती. दोन वाक्यांचं काम होतं. मी आलो होतो पण वर गेलो नाही. ती काही बोलली नाही. त्यानं मला मारलं असतं, आणि मग निदान ती एक गोष्ट त्याच्या अंगावरून उतरली असती. मी का नाही सांगितलं? रूथमावशी दिसल्या मला. साठ कुटुंबं दिसली. मनोहर मला तेव्हा दिसला नाही, माझ्या पायाशी बसला होता तरी.

त्यानंतरचे काही महिने मी भीतीत काढले. ती भीती कसली होती तेही ऐका. त्या बाजूच्या खाटेवरच्या बाईची. ती म्हणाली होती, मी पाहते. म्हणजे तिनं पाहिलं असणार की त्या वीस मिनिटांत कुणीही आलं नाही. मनोहरनं तिला एकदा विचारलं असतं, तर संपलं असतं. त्यानं विचारलं नाही. कशाला विचारेल? मी मोजणीदार. हद्दीच्या दगडाकडे पुरावा कोण मागतं?

सहा महिन्यांनी त्यानं कबरीवर दगड बसवला आणि मला बोलावलं. "ये बा मोजणीदार, ओळंबा लावून पाह्य, नाहीतं शालू म्हणीन वाकड्यात झोपवलं." दगडावर नाव होतं, वर्षं होती, आणि खाली एक ओळ कोरलेली होती — मला आता भय वाटत नाही. अक्षरं कोरणाऱ्यानं बोली सुधारून घेतली होती. मी गुडघ्यावर बसलो, ओळंबा लावला. दगड अगदी सरळ होता.

त्या दिवशी त्याच्या घरी गेलो तर त्यानं माझ्यापुरता चहा केला आणि स्वतः पाणी घेतलं. मी विचारलं, का रे? म्हणाला, "पित्त होते." पुढे जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा तेच. वसतिगृहात चहासाठी माझ्या वाट्याची पोळी गहाण ठेवणारा माणूस. मी मान्य केलं, पित्त. पित्त होतं लोकांना या वयात.

आणि मी इकडे दर महिन्याला प्रभुभोजनाला उभा राहत होतो. नुसता उभा नाही, द्राक्षरसाच्या लहान पेल्यांचा ट्रे माझ्या हातात असतो, मीच तो बाकांवर फिरवतो. घेण्याआधी प्रत्येकानं स्वतःला तपासायचं असतं, भावाशी काही बाकी असेल तर आधी ते मिटवून यायचं असतं. वर्षाचे बारा, नऊ वर्षांचे एकशे आठ. एकशे आठ वेळा मी ट्रे फिरवला आणि शेवटचा पेला स्वतः घेतला. दर वेळी ठरवायचो, पुढच्या महिन्याच्या आत अकोल्याला जाऊन सांगायचं. कधी त्याचा वाढदिवस पुढे यायचा, कधी वहिनींचा स्मरणदिन. ही वेळ बरी नाही असं म्हणायला मला एकशे आठ कारणं सापडली.

मागच्या वर्षी मनोहरची फुप्फुसं गेली. ऑक्सिजनचं यंत्र घरी आणलं. त्याचा पुतण्या आणि पुतणसून येऊन राहिले, चांगली माणसं. मी दर शनिवारी जायला लागलो. एकतीस शनिवार गेलो, एकही चुकवला नाही. आणि आता मला बसता येत होतं. वचन नाही, प्रार्थना नाही, त्यानं मागितली तरच. खुर्ची टाकून बसायचो. पाठ चोळायचो, नखं काढायचो. तो दम खात एखादी थट्टा करायचा. "या यंत्राची नळी किती फूट हाये, मोजली का नाही?" मी म्हणायचो, "सव्वासात." तो हसायला लागला की खोकला यायचा आणि सून माझ्याकडे डोळे वटारायची. मंडळीत पुन्हा तेच, मित्र असावा तर असा.

पण बसून राहिलो की तो ते मागायचा. प्रत्येक वेळी नाही. "सांग ना, काय म्हणली होती ती." मी सांगायचो. एकतीस शनिवारांत सतरा वेळा सांगितलं. कधी विचारायचा, डोळे पुरे उघडले होते का अर्धे? मी म्हणालो, पुरे. कधी विचारायचा, हात हलवला का? मी म्हणालो, थोडा. बघा, नऊ वर्षांनीसुद्धा मी त्या खोट्यात भर घालत होतो. त्याच्या हाताशी बसून.

तुम्ही म्हणाल, मरणाऱ्या माणसाला त्या वाक्याचा आधार होता, मग सांगून काय साधलं असतं? मीही स्वतःला हेच म्हणत आलो. पण तो त्या वाक्यावर टेकला नव्हता. तो त्या वाक्याखाली दबला होता. मला ते दिसत होतं.

क्षमेबद्दल मला जे शिकवलं गेलं आहे, जे मी इतरांना शिकवलं आहे, ते मी इथे लिहिणार नाही. ते लिहिलं की ही कबुली राहणार नाही, साक्ष होईल. आणि माझ्या साक्षीचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे.

एकतिसाव्या शनिवारी त्याला बोलायला फार त्रास होत होता. दुपारी सून आत निजली होती, पुतण्या सिलिंडरचं बघायला गेला होता. मला वाटलं तो झोपला. मग त्यानं डोळे न उघडता म्हटलं, "सुध्या. दोन कप पेलो मी."

"काय?"

"त्या दिवशी. गाडीवाला म्हणे, दादा, थकले दिसता, घ्या अजून एक. मी घेतला." दम घेतला. "एकच पेला असता अन् वर गेलो असतो, तं भेटलो असतो ना. तुले बी. तिले बी." पुन्हा दम. "शालूले हे सांगाले भेव लागते मले. वर गेल्यावर."

यंत्राचा आवाज चालू होता. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्याला ऐकू येत होतं, समजत होतं, माझा हात त्याच्या हातात होता.

दुसऱ्या कपाला पाच मिनिटं लागली असतील. त्या पाच मिनिटांत वर काहीही झालं नव्हतं. वहिनी तशाच पडून होत्या, बाजूची बाई त्यांच्याकडे बघत होती, आणि मी खाली दुकानाच्या सावलीत उभा होतो. हे त्याला सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता.

मी म्हणालो, "झोप आता, मन्या." त्याची चादर सारखी केली आणि साडेपाचची बस धरली. बुधवारी तो गेला.